आयसीटीमधला ‘आय’ कुठून येतो आणि कुठे जातो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीच्या एका जुन्या पाठ्यपुस्तकात अवकाशकालाचा चौथा सहनिर्देशक ‘आयसीटी’, म्हणजे √−१ गुणिले प्रकाशवेग गुणिले काळ, असा दिला आहे. नव्या पुस्तकात तो ‘आय’ कुठेच दिसत नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या लेखनात मात्र ‘काल्पनिक काळ’ पुन्हा भेटतो. तर मग काळ खरोखरच काल्पनिक आहे का, हे दोन्ही काल्पनिक काळ एकच आहेत का, आणि अभ्यासाला बसताना कोणती पद्धत धरावी?

सापेक्षता सिद्धांत मी पदव्युत्तर वर्गांना बरीच वर्षे शिकवला आहे आणि दर वर्षी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतोच. मी विद्यार्थ्यांना एक साधी परीक्षा सांगत आलो आहे: भौतिकीच्या सूत्रात ‘आय’ दिसला की तो काढून टाकायचा प्रयत्न करावा आणि काय मोडते ते पाहावे. आयसीटीमधला ‘आय’ काढला तर काहीही मोडत नाही, उलट चित्र स्पष्ट होते. पुंजयामिकीतला (क्वांटम मेकॅनिक्समधला) ‘आय’ काढायला गेलो तर मोठी किंमत मोजावी लागते. हॉकिंग यांचा काल्पनिक काळ या दोहोंच्या मध्ये उभा आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी वळणे सोयीचे होईल.

आधी ‘काल्पनिक’ या शब्दाविषयी. या संख्यांना हे नाव देकार्त यांनी १६३७ मध्ये दिले आणि त्यामागे कौतुक फारसे नव्हते. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात ‘न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्’ असे लिहून विषय संपवला होता: ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ऋण संख्या मुळात कोणाचा वर्गच नव्हे. वास्तव संख्यांपुरते पाहिले तर हे विधान निर्दोष आहे. जुन्या मराठी परिभाषेत संमिश्र संख्यांना ‘सदसत् संख्या’ म्हणत, आणि तो शब्द मला आजही आवडतो, कारण सत् आणि असत् असे दोन्ही भाग एकाच संख्येत सुखाने नांदतात हे त्यात आपोआप येते.

हा असत् भाग कसा कामाला येतो हे पहिल्यांदा नीट दाखवले ते बोलोन्याच्या राफाएल बोंबेली यांनी, १५७२ मध्ये. क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणाचे एक उत्तर ४ आहे हे ताळा करून कोणालाही पटेल. पण त्या काळच्या सूत्राने सोडवायला गेले की वाटेत √−१२१ येते, म्हणजे ११ गुणिले √−१. बोंबेली यांनी न घाबरता पुढे जाऊन दाखवले की २ + √−१ चा घन बरोबर २ + ११√−१ भरतो. मग त्याच्या जोडीला २ − √−१ घेतले की √−१ एकमेकांना खातात आणि हातात स्वच्छ ४ उरतात. ‘आय’ मध्येच आला, काम करून गेला, आणि उत्तरात त्याचा मागमूस राहिला नाही. हे दृश्य लक्षात ठेवावे, कारण आयसीटीमध्ये नेमके हेच घडते.

आता अवकाशकालाकडे येऊ. कागदावर दोन बिंदूंमधील अंतर काढायचे तर पायथागोरसचा नियम आहे: आडव्या अंतराचा वर्ग अधिक उभ्या अंतराचा वर्ग. अवकाशकालात दोन घटनांमधील ‘अंतराल’ काढण्याचा नियम जवळजवळ तसाच आहे, फक्त काळाच्या वर्गाचे चिन्ह अवकाशाच्या वर्गांच्या उलट असते. काळ वर्षांत आणि अंतर प्रकाशवर्षांत मोजले तर प्रकाशवेग १ होतो आणि त्याची लुडबूड थांबते. समजा एक यान पृथ्वीवरून निघून ४ प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्यापर्यंत प्रकाशाच्या चार पंचमांश वेगाने जाते. पृथ्वीच्या हिशेबाने प्रवासाला ५ वर्षे लागतात. अंतरालाचा वर्ग २५ − १६ = ९, म्हणून अंतराल ३; आणि यानातल्या घड्याळात खरोखरच ३ वर्षे भरतात. शाळेतला ३-४-५ चा तोच त्रिकोण, पण येथे ५ ही एक बाजू आहे आणि ३ हा तिरका ‘कर्ण’. कर्ण बाजूहून आखूड! विशेष सापेक्षतेतली जी जी आश्चर्ये आपण ऐकतो त्यांतली बहुतेक या एका वजाबाकीत सामावलेली आहेत.

हेच गणित आयसीटीच्या पद्धतीने करा. चौथा सहनिर्देशक ५ ऐवजी ५√−१ घ्या. मग वजाबाकीची गरज नाही, पायथागोरसचा जुना नियमच वापरता येतो: १६ अधिक (५√−१)² म्हणजे १६ − २५ = −९. वर्गमूळ काढले की ३√−१ मिळते. मग आपण म्हणतो, ठीक आहे, घड्याळाचा काळही आपण √−१ ने गुणून लिहायचे ठरवले होते, तेव्हा तो गुणक काढून टाका. उत्तर ३ वर्षे. बोंबेली यांच्या उदाहरणासारखाच ‘आय’ आला आणि गेला. फरक इतकाच की बोंबेली यांना तो टाळता येत नव्हता, आपण तो मुद्दाम घातला होता. यानातल्या घड्याळाने एकदाही काल्पनिक सेकंद मोजलेला नाही.

मग तो घातला कोणी आणि का? १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे यांनी काळाला √−१ ने गुणून त्याला चौथा सहनिर्देशक मानले आणि लॉरेंट्झ रूपांतरणे (एका निरीक्षकाची काळ-अंतराची मोजमापे त्याच्या सापेक्ष चालणाऱ्या दुसऱ्याच्या मोजमापांत बदलणारी सूत्रे) म्हणजे चार मितींतली परिभ्रमणे आहेत हे दाखवले. गणिती हेरमान मिंकोव्स्की यांनी ही कल्पना पूर्णत्वाला नेली. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये आईन्स्टाईन त्यांचे विद्यार्थी होते. २१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन येथे त्यांनी अवकाश आणि काळ यांवर दिलेले व्याख्यान प्रसिद्धच आहे. त्यात त्यांनी ३ लाख किलोमीटर बरोबर √−१ सेकंद असे एक समीकरण मांडले आणि त्याला गूढ सूत्र म्हटले. पुढच्या चार महिन्यांतच, जानेवारी १९०९ मध्ये, ॲपेंडिक्सच्या दुखण्याने ते वारले. वय अवघे ४४. भारतीय वाचकाला सांगण्यासारखी गोष्ट अशी की आईन्स्टाईन आणि मिंकोव्स्की यांच्या मूळ निबंधांचा इंग्रजी अनुवाद मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुणांनी केला आणि तो १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने छापला.

‘गूढ’ या शब्दाने पुढे पुष्कळ गोंधळ केला असे माझे मत आहे. मिंकोव्स्की यांना त्यातून सममितीचे सौंदर्य दाखवायचे होते: एककांची ही अदलाबदल केली की समीकरणांत अवकाशाचे तीन अक्ष आणि काळाचा एक अक्ष यांत फरक उरत नाही. लिहायला ते फार सुटसुटीत आहे. विद्युतचुंबकीची समीकरणे या पद्धतीने लिहिली की ओळीच्या ओळी वाचतात, आणि म्हणून १९६० च्या दशकापर्यंतची अनेक उत्तम पाठ्यपुस्तके आयसीटी वापरत राहिली. मात्र फरक लिहिण्यातून गेला म्हणून निसर्गातूनही गेला असे होत नाही.

हा फरक किती खोल आहे ते परिभ्रमणातून दिसते. कागदावर आपण एक काटा फिरवला तर त्याचे टोक वर्तुळावर चालते. पुरेसे फिरवले की उत्तरेकडे असलेला काटा पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे, आणि शेवटी पुन्हा उत्तरेकडे येतो. अवकाशकालात वेग वाढवणे हेही एक प्रकारचे फिरवणेच आहे, पण वजा चिन्हामुळे टोक वर्तुळावर न चालता अपास्तावर (हायपरबोलावर) चालते. अपास्त अनंताकडे धावत राहतो आणि कधीच मिटत नाही. त्यामुळे कितीही ‘फिरवले’ तरी भविष्याकडे असलेला काटा भूतकाळाकडे वळत नाही, आणि कोणतेही यान प्रकाशाचा वेग गाठत नाही. आयसीटीच्या भाषेत हा फिरवण्याचा कोन काल्पनिक असतो, आणि काल्पनिक कोनाचा कोसाइन एकाहून मोठा येतो. आपल्या यानासाठी तो ५/३ आहे. कोसाइन एकाहून मोठा आला तर शाळेत आपण उत्तर खोडायचो. येथे तो काळ किती पटींनी मंदावतो हे सांगतो.

त्या कोनाची वास्तव किंमत काढून पाहणे उद्बोधक आहे. चार पंचमांश वेगासाठी ती ३ चा नैसर्गिक लघुगणक, म्हणजे सुमारे १.१, येते. यातला ३ हा आकडा थेट मोजता येतो. दूर जाणाऱ्या यानाने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दर वर्षी एक संदेश धाडला, तर पृथ्वीवर तो दर ३ वर्षांनी पोहोचतो. आता त्या यानातून आणखी एक यान, पहिल्याच्या सापेक्ष पुन्हा चार पंचमांश वेगाने, त्याच दिशेने सोडले तर? वेगांची थेट बेरीज चालत नाही, पण हे कोन सरळ मिळवता येतात. कोन दुप्पट झाला, म्हणजे ३ च्या जागी ९ आले, आणि पृथ्वीच्या सापेक्ष वेग ८०/८२, म्हणजे प्रकाशवेगाच्या सुमारे ०.९७६ पट. हे सगळे वास्तव संख्यांत झाले. √−१ चे नाव घ्यावे लागले नाही आणि अपास्त कुठे लपलाही नाही.

लपणे हाच आयसीटीवरचा माझा मुख्य आक्षेप आहे. चार मितींत सगळीकडे अधिक चिन्ह दिसले की विद्यार्थ्याची अंतःप्रेरणा नेहमीच्या भूमितीची होते, आणि नेहमीच्या भूमितीत अंतर शून्य असेल तर दोन बिंदू एकच असतात. येथे तसे नाही. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेतून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यात शिरतो, तेव्हा त्या दोन घटनांमधील अंतराल शून्य असतो, आणि तरी त्या दोन घटना एक नाहीत. प्रकाशशंकू, म्हणजे कोणती घटना कोणत्या घटनेवर परिणाम करू शकते याची सीमा, या शून्य अंतरालांनीच बनलेला आहे. कार्यकारणभाव जिथे राहतो ती जागाच आयसीटी झाकून टाकते.

व्यापक सापेक्षतेत, म्हणजे आईन्स्टाईन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, तर ही पद्धत निरुपयोगी होते. तिथे अंतरालाचा नियम जागोजागी बदलतो आणि कोणता सहनिर्देशक काळाचा हे आधीच ठरवून ठेवता येत नाही. न फिरणाऱ्या कृष्णविवराचे श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिलेले उत्तर पाहा. त्यातले ‘टी’ हे अक्षर बाहेर काळाचे असते, पण क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या सीमेच्या, आत त्याच्या पदाचे चिन्ह बदलते आणि त्रिज्येचा सहनिर्देशक काळासारखा वागू लागतो. आता ‘आय’ कोणाला चिकटवायचा? चिन्हाची जबाबदारी अंतरालाच्या नियमावर, म्हणजे मेट्रिकवर, टाकणे हाच सरळ मार्ग उरतो. मिस्नर, थॉर्न आणि व्हीलर यांच्या १९७३ च्या जाडजूड ग्रंथात आयसीटीला निरोप देणारी एक स्वतंत्र चौकटच आहे, आणि नव्या पुस्तकांतून तो ‘आय’ दिसेनासा होण्यामागे हे मुख्य कारण आहे.

येथवर वाचून ‘काल्पनिक संख्या ही केवळ लिहिण्याची सोय’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा होईल. विद्युत अभियंता प्रत्यावर्ती प्रवाहाचे गणित √−१ ने करतो आणि शेवटी वास्तव भाग उचलतो. तिथे ती सोयच आहे. पण श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या पुंजयामिकीच्या पायाभूत समीकरणात पहिल्याच पदाला ‘आय’ आहे आणि तो तिथे असणे खुद्द श्रोडिंगर यांना खटकत होते. त्याच वर्षी जूनमध्ये लॉरेंट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती नाराजी बोलूनही दाखवली. तरंगफलन, म्हणजे त्या समीकरणातून मिळणारे कणाचे वर्णन, मुळात वास्तव असावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो ‘आय’ काढून टाकला तर समीकरण उष्णता पसरण्याचे होते. तापलेल्या तव्याच्या मध्यावरची उष्णता कडेकडे पसरते आणि ती सुरुवातीला कुठे होती याची खूण पुसली जाते. ‘आय’ असला की पसरण्याऐवजी तरंग फिरतो, त्याची कला (फेज) बदलते, पण काहीही पुसले जात नाही, आणि दोन वाटांनी आलेले तरंग एकमेकांना खोडू शकतात.

वास्तव संख्यांच्या जोड्या वापरून तोच हिशेब करता येतो, हे खरे आहे. पण २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका निबंधाने असे दाखवले की स्वतंत्र प्रणाली जोडण्याचा पुंजयामिकीचा नेहमीचा नियम कायम ठेवला, तर केवळ वास्तव संख्यांवर उभारलेला सिद्धांत काही विशिष्ट प्रयोगांत वेगळी उत्तरे देतो, आणि त्यानंतर झालेल्या प्रयोगांनी संमिश्र संख्यांच्या बाजूने कौल दिला. अट महत्त्वाची आहे: तो जोडण्याचा नियम बदलायची तयारी असेल तर वाट निघू शकते. तरीही आयसीटीतला ‘आय’ एका रेघेत जातो आणि हा जात नाही, एवढा फरक उघड आहे.

आता हॉकिंग. वर म्हटलेले श्रोडिंगर समीकरण आणि उष्णतेचे समीकरण यांच्यामध्ये एकच पाऊल आहे: काळाच्या जागी √−१ गुणिले काळ (योग्य चिन्हासह) लिहिणे. जानकार्लो विक यांनी १९५४ मध्ये वापरलेल्या या युक्तीला आज विक परिभ्रमण म्हणतात. आयसीटीशी हिचे साम्य दिसते, पण दिशा उलटी आहे. आयसीटीमध्ये काळ वास्तवच राहतो आणि फक्त नाव बदलते. विक परिभ्रमणात काळाची किंमतच बदलून आपण वेगळ्या भूमितीत जातो, जिथे खरोखरच चारही चिन्हे सारखी आहेत आणि प्रकाशशंकू नाही. तिथे गणित सोपे होते, कारण आंदोलन करणारी पदे तिथे झपाट्याने लहान होतात. उत्तर काढून पुन्हा वास्तव काळात परतायचे. प्रोटॉनचे वस्तुमान संगणकावर गणिताने काढण्याची जी पद्धत आहे ती याच काल्पनिक काळात चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही (टीआयएफआर) अशी गणिते होतात.

या वेगळ्या भूमितीत तापमानाला एक अनपेक्षित अर्थ मिळतो. उष्मागतिकीत एखाद्या अवस्थेची शक्यता ऊर्जा भागिले तापमान यावर घातांकाने ठरते, आणि काल्पनिक काळातली उत्क्रांती अगदी त्याच रूपाची असते. म्हणून तापमान असणे याचा अर्थ काल्पनिक काळ सरळ न जाता स्वतःवर मिटणे, एका ठराविक परिघाच्या वर्तुळासारखा. ३०० केल्विनला, म्हणजे खोलीच्या तापमानाला, तो परिघ सुमारे २.५ × १०⁻¹⁴ सेकंद आहे. तापमान जितके कमी तितका परिघ मोठा.

गिबन्स आणि हॉकिंग यांनी १९७७ मध्ये हे कृष्णविवराला लावले. काल्पनिक काळ घेतला की क्षितिजाजवळची भूमिती साध्या कागदासारखी दिसते: क्षितिज हा मधला बिंदू आणि काल्पनिक काळ हा त्याभोवतीचा कोन. आता भेळवाल्याच्या कागदी शंकूची आठवण करा. गोल कागदातून एक पाचर कापून कडा जोडल्या की मध्ये टोक निघते. पूर्ण ३६० अंश ठेवले तरच कागद सपाट राहतो. क्षितिज ही जागा भौतिकदृष्ट्या गुळगुळीत असायला हवी, तिथे टोक नको, म्हणून काल्पनिक काळाचा पूर्ण फेरा एका निश्चित किमतीचाच असावा लागतो. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी ही किंमत सुमारे १२४ मायक्रोसेकंद येते, आणि तिचे तापमानात रूपांतर केले की सुमारे ६ × १०⁻⁸ केल्विन. हॉकिंग यांनी त्याआधी १९७४ मध्ये पूर्ण वेगळ्या, वास्तव काळातल्या गणिताने हेच तापमान काढले होते. दोन वाटांनी एकच आकडा आला म्हणून या युक्तीवर आमचा विश्वास बसला. ते तापमान अजून कोणी दुर्बिणीतून मोजलेले नाही. विश्वात सगळीकडे असलेले २.७ केल्विनचे प्रारण त्याच्या कोट्यवधी पट उष्ण आहे.

फिरणाऱ्या कृष्णविवराला मात्र ही युक्ती इतकी सरळ लागत नाही. काल्पनिक काळ घेतल्यावर तिथली भूमिती स्वतःच संमिश्र होते आणि फिरण्याचा वेगही काल्पनिक धरून मग परतावे लागते. प्रत्येक अवकाशकालाला काल्पनिक काळाची एक स्वच्छ आवृत्ती असते असे गृहीत धरू नये, एवढे त्यावरून कळते. म्हणूनच हार्टल आणि हॉकिंग यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रस्तावाकडे मी जपून पाहतो. विश्वाच्या आरंभाजवळ काळ अवकाशासारखा होतो आणि पृथ्वीला उत्तर ध्रुवावर जशी कड नाही तशी विश्वाला आरंभाची कड नाही, अशी ती कल्पना आहे. ती सुंदर आणि गंभीर आहे, पण कृष्णविवराच्या तापमानाला जसा दुसऱ्या वाटेने ताळा मिळाला, तसा तिला मिळालेला नाही.

तेव्हा आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: विशेष सापेक्षतेचा अभ्यास वास्तव काळ आणि मेट्रिकमधले वजा चिन्ह यांनीच करावा. जुन्या पुस्तकातला आयसीटी टाळता येत नसेल तर प्रत्येक सूत्रात चौथ्या घटकाचा वर्ग येतो तिथे वजा चिन्ह लिहून ‘आय’ लगेच पुसावा. दोन-तीन प्रकरणांत हात बसतो. एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. काही लेखक वजा चिन्ह काळाला देतात, काही अवकाशाच्या तीन पदांना, आणि पुस्तक बदलताना ते न पाहिल्यामुळे चुकलेल्या उत्तरपत्रिका मी आयसीटीमुळे चुकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त तपासल्या आहेत.